काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी आहे का?

अंबडची वहिनी:

सगळ्यांना सलाम. जरा लांबण लागंल, पण पूर्ण वाचा.

आमचं गाव अंबड तालुक्यात. मोसंबीची बाग, बाकी कापूस आणि तूर. मी घरी शिलाई मशीन चालवते, ब्लाउज आणि फॉल-पिको. थोरला लातूरला नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करायलाय, रिपीटरच्या (परत परीक्षा देणाऱ्यांच्या) बॅचला. क्लासची फी, होस्टेल, मेस, सगळं धरून जे झालं त्यात माझी बोरमाळ आणि दोन शेळ्या गेल्या. त्याचं दुःख नाही, पोरासाठीच होतं.

2025 च्या सप्टेंबरातला पाऊस मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. आमच्या बागेत पाणी साचून राहिलं. फळगळ झाली ती झाली, आता बुंध्यातून डिंक गळायलाय. आमचे हे रोज सकाळी साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायलेत. मोसंबीचा आंबे बहार (हिवाळा सरतानाच्या फुलांचा) धरावा का झाडांना यंदा सोडून द्यावं, हेच घरात चालू असतं. पीककर्ज तसंच आहे.

दिवसा मला काही वाटत नाही, मशीनवर बसलं की वेळ जातो. रात्री दोन-अडीचला जाग येते, मग झोप नाही. छातीत धडधडतं. मोबाईल उघडून पोरगं शेवटचं ऑनलाइन कधी होतं ते बघते. दीडला असलं तरी काळजी, की झोपलं का नाही. अकराला असलं तरी काळजी, की अभ्यास केला का नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या घरगुती प्रार्थनेत मी हे बोलून दाखवलं आणि सगळ्यांना प्रार्थना करा म्हणलं. तर एक वडीलधाऱ्या बाई सगळ्यांसमोर म्हणल्या, “काळजी करणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. तुझा विश्वास कमी पडायलाय.” पुढच्या रविवारी पाळकसाहेबांचा संदेशही बायबलातल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायावरच, आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत. मला वाटलं माझ्यावरच बोलायलेत. (आमच्या सासूबाई परत येताना म्हणल्या, “पाखरं पेरत नाहीत खरं, पण आपल्या ज्वारीवर येऊन बसतात, ते कोण सांगणार?” मला हसूही आलं आणि भीतीही वाटली, असं बोलावं का म्हणून.)

तेव्हापासून दोन काळज्या झाल्यात. एक पोराची आणि बागेची, दुसरी काळजी करते म्हणून देव नाराज असंल याची.

आणखी एक. शेजारच्या काकू चांगल्या मनानं म्हणतात, मत्स्योदरी देवीला नवस बोल. आपण नवस बोलत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण खरं सांगू का? प्रार्थना करताना माझ्या मनात येतंच, की देवा, याला सीट मिळाली तर चर्चला दोन पंखे देईन. मग हे काय वेगळं झालं?

“चिंता देवावर टाका” म्हणतात. टाकायची म्हणजे नेमकं काय करायचं? मी टाकते, ती सकाळपर्यंत परत येते.

विश्वासाचा शिपाई:

ताई, सोपं आहे. पहिले पेत्र 5:7, तेच “चिंता देवावर टाका” वचन, पाठ करा. उपास धरा, सैतानाला धमकवा, मोबाईल बंद ठेवा. चिंता हे पापच आहे, त्यात दुमत नको. ज्याचा प्रभूवर भरवसा आहे त्याला रात्री झोप लागते. आमेन.

वॉर्डातली सिस्टर:

वरच्या भाऊंनी मोबाईल बंद ठेवा म्हणलं तेवढं मला मान्य आहे. रात्री उशाशी ठेवूच नका, देवळीत ठेवा.

वहिनी, मी परभणीला नर्स आहे, म्हणून आधी शरीराचं विचारते. ही धडधड किती दिवसांपासून आहे? वजन उतरलंय का? पाळी अनियमित झालीय का? थायरॉईड वाढलं की हुबेहूब असंच होतं, आणि रक्त कमी असलं तरी धडधडतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. महाग नाही, सरकारी दवाखान्यातही होतं. पाळी जायच्या वयात झोप तुटणं तर इतक्या बायकांना होतं, आणि प्रत्येकीला वाटतं की आपल्यालाच. संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. शिलाईवाल्या बायका किती चहा पितात ते मला माहीत आहे.

हे दोन-चार आठवडे असंच चालू राहिलं, कामात लक्ष लागेना, जगावंसं वाटेना, तर डॉक्टरला दाखवा. सरकारची टेली-मानस म्हणून सेवा आहे, नंबर 14416, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलतात. घरच्या माणसासाठीसुद्धा विचारता येतं. शेतीच्या नुकसानीनंतर बायका आपल्या झोपेचं बोलतात तरी, पुरुष गप्प बसतात. दादांकडेही लक्ष ठेवा.

गोळी घेतली तर विश्वास कमी, असं कुणी म्हणलं तर त्यांना सांगा, येशूचा प्रेषित पौल, त्याच्याबरोबर लूक होता आणि लूक वैद्य होता. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचं पोट बिघडायचं, तर पौलानं त्याला नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही, नुसतं पाणी पिऊ नको, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं.

निवृत्त मास्तर, जालना:

वहिनी, सलाम. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली, आता नातवंडं आणि बायबल क्लास. सवयीप्रमाणे लांब लिहितो.

आधी त्या बाईंचं. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण दुखणं सांगणाऱ्याला भर बैठकीत असं म्हणायचं नसतं. “कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका” हे पौलानं फिलिप्पैकरांना चौथ्या अध्यायात लिहिलं, तुरुंगातून. हे वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळ्यांनी वाचलंय. त्याच पत्राचा दुसरा अध्याय कॅलेंडरवर येत नाही. फिलिप्पैच्या मंडळीनं पौलासाठी काही मदत एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पाठवली. तो तिथं आजारी पडला, मरणाच्या दारात गेला. पौल काय लिहितो? देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. मी त्याला परत पाठवतो, म्हणजे तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख हलकं होईल. म्हणजे “चिंता करू नका” लिहिणारा माणूस दोनच अध्याय आधी सांगतोय, की माझा जीव टांगणीला लागला होता. करिंथकरांना लिहिताना तर सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज असते, असं तो आपल्या सोसण्याच्या यादीत लिहितो. त्याला कुणी अविश्वासू म्हणत नाही.

मग चौथ्या अध्यायात तो काय सांगतोय? पुढचं वाक्य वाचा. प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून, मागणी देवाला कळवा. काळजीला तोंड द्या आणि ती बोलून दाखवा, असं मी त्याचं वाचन करतो. आणि त्यानंतरचं आश्वासन नीट बघा. मागितलेलं मिळेलच असं तिथं नाही. देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील, एवढं आहे. सीटचं नाव नाही. हे कटू आहे, पण मी माझ्या क्लासमध्ये लपवत नाही.

“टाकायची म्हणजे काय करायचं” हा तुमचा प्रश्न फार चांगला आहे, आमच्याकडे तो कुणी विचारत नाही. मी काय करतो ते सांगतो. देवाला मोघम सांगत नाही. “प्रभू, आमच्या गरजा तुला ठाऊक आहेत” असं म्हणून माझी कधी सुटका झाली नाही. त्याला ठाऊक आहेतच, येशूनं त्याच मत्तय सहामध्ये म्हणलंय की तुम्हाला ह्या सगळ्याची गरज आहे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे. पण मला तोंडानं म्हणावं लागतं. रक्कम सांगतो. बँकेची तारीख सांगतो. ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घेतो. मग स्वतःला विचारतो, ह्यातलं उद्या सकाळी माझ्या हातात काय आहे? बहुधा एकच काम निघतं, कधी एखादा फोन, कधी एखादा अर्ज. ते कागदावर लिहितो. बाकीचं सांगून झालेलं असतं. परत आलं तर परत सांगतो. धरलं जायच्या आधी गेथशेमाने बागेत येशूनं तीच प्रार्थना तीनदा केली. आपली चिंता सकाळपर्यंत परत येते यात लाज कसली?

आणि कुरकूर चालते का, तर चालते. तेरावं स्तोत्र काढा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा “कुठवर” म्हणतो. देवानं ते शास्त्रात राहू दिलं.

तुमच्या यजमानांचं बोर्डो पेस्टचं काम मला फार आवडलं. दहा लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना कालवायचा, झाडागणिक वाकून लावायचं, हा काय अविश्वास आहे? पाखरांबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. येशूनं पेरू नका असं शेतकऱ्यांना सांगितलेलं नाही. पाखरंसुद्धा घरट्यात चोच उघडून बसत नाहीत, दिवसभर हिंडतात. त्याच अध्यायात त्यानं रोजची भाकर मागायला शिकवलं, आणि ऐकणारे गालीलातले मासेमार, मजूर होते, रोज कमवून रोज खाणारे. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळाला तोही रोजचा रोज, जास्त साठवला तर किडे पडायचे. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा असंही सांगितलं होतं, आणि तो नासला नाही. योसेफानं मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा धान्य कोठारात घातलं. तेव्हा पीकविमा भरणं, पोराच्या फीची सोय करणं ह्याला अविश्वास म्हणणाऱ्याशी मी वाद घालतो. आपल्या जालन्याचंच घ्या. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात शहराजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं ते नुसत्या प्रार्थनेवर नाही, निजामाच्या सरकारकडून जमीन मिळवून वसवलं.

बेथेलवरून तुमच्या पंख्यांकडे येतो. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब घरून पळालेला, उशाला धोंडा घेऊन झोपलेला. सकाळी उठून तो नवसच बोलतो: देवानं मला सांभाळलं, खायला भाकर आणि नेसायला वस्त्र दिलं, तर दशमांश देईन. जागेचं नाव ठेवतो बेथेल. देव त्याच्यावर चिडला नाही. पण क्रम बघा. मी तुझ्याबरोबर आहे, जाशील तिथं सांभाळीन, हे देवानं आदल्या रात्री स्वप्नात आधीच सांगून टाकलेलं होतं. याकोब सकाळी जे विकत घ्यायला बसला ते त्याला रात्रीच फुकट मिळालं होतं. तेव्हा मनात सौदा आला म्हणून घाबरू नका, आई आहात. फक्त पंख्यांवर सीट अडलेली नाही. द्यायचेच असतील तर निकालाची वाट बघू नका, ऐन उन्हाळ्यात मंडळीला उपयोगी पडतील.

रिपीटर, लातूर:

काकू, मीपण इथंच आहे, दुसऱ्या क्लासला. माझं घर हिंगोली जिल्ह्यात, आईबाबा दोघं मंडळीत. मास्तरांसारखं मला वचनं येत नाहीत, पण पोराच्या बाजूनं सांगतो.

टेस्टचा निकाल आमच्याआधी घरी जातो, पालकांच्या ग्रुपवर. 720 पैकी किती, बॅचमध्ये कितवा, सगळं. आम्ही मेसमध्ये ताट घेऊन उभे असतो आणि फोन वाजतो. माझी आई रागवत नाही हो. ती फोनवर प्रार्थना करते. “देवा, माझ्या लेकराला यंदा सीट दे, आमची लाज राख.” प्रेमानंच करते, पण मला ते ऐकू येतं ना! फोन ठेवला की फिजिक्स उघडायची हिंमत होत नाही. मला वाटतं देवालापण माझे मार्क कळवलेत आता.

एकदा माझ्या रूममेटच्या आजीनं फोन केला. तो आपल्यातला नाही, पण आजीनं विचारलं काय तर, पांघरूण पुरतंय का, रात्री गार लागायलंय. तो दहा मिनिटं बोलला. त्या रात्री मी आईला मेसेज टाकला की माझ्यासाठी झोपेची प्रार्थना कर, सीटची बाबांना करू दे. ती हसली, पण करायलीय.

आणि काकू, ते शेवटचं ऑनलाइन बघू नका. आम्ही ते लपवून ठेवतो. ज्याचं दिसतंय तो एकतर बिनधास्त आहे किंवा त्याला सेटिंग माहीत नाही.

अंबडची वहिनी:

सगळ्यांचं वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. ह्यांनी पहिल्यांदा मान वर केली ती बोर्डो पेस्टवर. म्हणले, मास्तरांना सांग, पेस्ट त्याच दिवशी वापरावी लागते, शिळी चालत नाही, मान्नासारखीच.

सिस्टर, दादांकडे लक्ष ठेवा म्हणलात, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मी माझ्याच झोपेचं धरून बसले होते. हेही जागेच असतात, फक्त कूस बदलत नाहीत. रक्त तपासायला दोघंही जाणार आहोत.

लातूरच्या लेकरा, तुझं वाचून रडू आलं. माझ्या पोराला फोन लावला. मार्क विचारायचे नाहीत असं ठरवलं होतं, तर बोलायलाच काही सुचंना. मग मेसमध्ये काय होतं विचारलं. वांग्याची भाजी पाण्यासारखी असते म्हणला, आणि मग एकेक काढत गेला. ज्वारीची भाकर मिळत नाही म्हणून सांगितलं. इतके महिने मला हे माहीत नव्हतं.

मास्तर, तुम्ही सांगितलं तसं रक्कम सांगून प्रार्थना केली. पहिल्यांदा लाज वाटली, देवासमोर सोसायटीच्या कर्जाचा आकडा काय सांगायचा. पण सांगितला. जाग अजून येते, उगीच खोटं बोलत नाही. पण उठल्यावर काय करायचं ते आता माहीत आहे, कागद उशाला असतो.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. एपफ्रदीत बरा झाला म्हणून पौलाचं दुःख हलकं झालं. बरा झाला नसता तर? आमच्या शिवारात एकाची जमीनच खरवडून वाहून गेली, मातीसकट. तो माणूस प्रार्थना करणारा आहे. त्याला मी हे पत्र कसं वाचून दाखवू?

निवृत्त मास्तर, जालना:

त्याला हे पत्र वाचून दाखवू नका. निदान आत्ता तरी नको.

त्याच्याकडे जायचंच असेल तर पंचनाम्याचे कागद घेऊन जा, किंवा डबा. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा दूतानं त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा म्हणाला. तो खाऊन परत झोपला. मग पुन्हा खायला दिलं. बोलणं फार नंतर, डोंगरावर.

पुढं कधी त्यानं स्वतः विचारलं, तर हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक काढा, तीनच अध्याय आहेत. शेवटी तो म्हणतो, अंजीर फुलला नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात अन्न पिकलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ही वचनं लोक नुकसानीच्या दुसऱ्याच दिवशी माणसाच्या तोंडावर मारतात, तसं करू नका. हबक्कूक तिथं पहिल्या दिवशी पोचलेला नाही. त्याचा पहिला अध्याय म्हणजे देवाशी सरळ भांडण आहे, मी कुठवर ओरडू आणि तू ऐकणार नाहीस म्हणून. दुसऱ्या अध्यायात तो बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट बघतो. तिसऱ्यातला आनंद ह्या दोन अध्यायांतून गेलेल्या माणसाचा आहे. तुमच्या शेजाऱ्याचा पहिला अध्याय चालू असेल तर त्याला तो पुरा करू द्या. तुम्ही शेजारी बसा.

वॉर्डातली सिस्टर:

आणि वहिनी, रक्त द्यायला उपाशीपोटी जा. सकाळी लवकर, रांग लागायच्या आत. जाताना चहा घेऊ नका!

अंबडची वहिनी:

बरं सिस्टर. सोमवारी जातो. ह्यांना चहाचं तुम्हीच सांगितलं असं सांगते, माझं ऐकत नाहीत. लातूरला जाणाऱ्या एकाबरोबर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायलेय. रिपीटर बाळा, तुझ्या होस्टेलचं नाव इथं लिहू नको, पण मेसेज कर. दोन जास्तीच्या थापते.